फ्रँकफर्टचा निकाल आणि मोसुलचा अर्ज: याझिदी वंशसंहाराचं एक प्रकरण

30 नोव्हेंबर 2021. फ्रँकफर्टच्या उच्च प्रादेशिक न्यायालयात निकाल वाचायला सुरुवात झाली आणि आरोपी भोवळ येऊन पडला. कामकाज थांबवावं लागलं. तो सावरल्यावर न्यायाधीश ख्रिस्तोफ कोलर यांनी पुढचं वाचन केलं: वंशसंहार, मानवतेविरुद्धचा गुन्हा, युद्धगुन्हा. शिक्षा जन्मठेप. आयसिसच्या एखाद्या सदस्याला याझिदींच्या वंशसंहारासाठी दोषी धरणारं जगातलं हे पहिलं न्यायालय ठरलं.

याझिदींवर जे गुदरलं त्याबद्दल लिहिताना माणूस आकड्यांत हरवतो, म्हणून मी हे एकच प्रकरण घेतलं आहे. यात आरोपी एक, बळी गेलेली मुलगी एक आणि साक्ष देणारी आई एक. जर्मनीत आरोपींचं पूर्ण नाव छापण्याचा प्रघात नाही, त्यामुळे कागदोपत्री तो ताहा अल-ज. आणि त्याची त्या वेळची जर्मन बायको जेनिफर व. आईचं नावही मी घेणार नाही. ती जर्मनीत संरक्षणाखाली राहते.

सिंजार ते फल्लुजा

याझिदी हा उत्तर इराकमधला कुरमांजी बोलणारा समाज. धर्म स्वतःचा, जुना. लालिशच्या दरीत त्यांचं मुख्य देवस्थान आहे आणि मोराच्या रूपातला देवदूत, तावूसी मेलेक, त्यांना पूज्य. आयसिसने त्यांना सैतानाचे पूजक ठरवलं. ख्रिश्चनांना निदान कर भरून राहण्याचा पर्याय कागदावर तरी दिला होता. याझिदींना तोही नाही. पुरुषांनी धर्म बदलायचा नाहीतर मरायचं. बायकामुलांची गणना लुटीच्या मालात.

3 ऑगस्ट 2014 च्या पहाटे आयसिसने सिंजार या उत्तर इराकमधल्या याझिदींच्या परिसरावर हल्ला चढवला. रक्षणासाठी ठेवलेले कुर्दी पेशमर्गा सैनिक लोकांना न सांगता निघून गेले होते. हजारो माणसं सिंजारच्या डोंगरावर चढली आणि भर उन्हात पाण्यावाचून अडकली. कित्येक लहान मुलं तिथेच तहानेने गेली. जे मागे राहिले त्यांच्यातल्या पुरुषांना आणि म्हाताऱ्या बायकांना मारून खड्ड्यांत ढकललं. कोचो गावात हे 15 ऑगस्टला घडलं. पळवून नेलेल्यांचा आकडा 6,400 च्या वर जातो आणि त्यातले अडीच हजारांहून अधिक लोक आजही बेपत्ता आहेत. सामूहिक कबरी ऐंशीहून जास्त सापडल्या.

ही विक्री चोरून होत नव्हती. आयसिसने आपल्या इंग्रजी मासिकात ऑक्टोबर 2014 मध्ये गुलामगिरी पुन्हा सुरू केल्याचं समर्थन छापलं होतं. स्त्रियांची वाटणी कशी करायची, कुणाला विकता येईल, याची नियमावली काढली होती. हा उद्दामपणा पुढे न्यायालयात त्यांच्याच अंगाशी आला.

आपल्या प्रकरणातली आई आणि तिची पाच वर्षांची मुलगी याच हल्ल्यात पकडल्या गेल्या आणि हातोहात विकल्या गेल्या. 2015 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ताहाने त्यांना सीरियातल्या राक्कामध्ये विकत घेऊन इराकमधल्या फल्लुजाला आणलं. आईने घरकाम करायचं, नमाज पढायचा, मार खायचा. मुलीला नवं नाव दिलं. एके दिवशी मुलीने अंथरूण ओलं केलं. ती आजारी होती. शिक्षा म्हणून ताहाने तिला बाहेर उन्हात खिडकीच्या गजाला बांधलं. पारा 50 अंशांच्या आसपास. मुलगी तिथेच गेली. आई त्याच घरात होती.

गाडीतली बडबड

या गुन्ह्याचा माग लागला तो आरोपीच्या बायकोच्या तोंडून. जेनिफर जर्मनीच्या लोअर सॅक्सनीची. आयसिसच्या राज्यात जाऊन ती तिथल्या नीतिपोलिसांबरोबर गस्त घालत असे. 2016 मध्ये अंकाराच्या जर्मन दूतावासात कागदपत्रांसाठी गेली असताना तिला ताब्यात घेऊन जर्मनीला धाडलं गेलं, पण हाताशी पुरावा नव्हता, म्हणून ती घरी गेली. 2018 मध्ये ती पुन्हा सीरियाच्या वाटेला लागली. ज्या गाडीत बसली त्या गाडीत ध्वनिमुद्रण चालू होतं आणि चालवणारा तिला वाटत होता तसा आयसिसचा माणूस नव्हता, तपास यंत्रणांचा खबऱ्या होता. प्रवासात तिने फल्लुजातल्या त्या मुलीची हकिगत सांगितली.

एप्रिल 2019 मध्ये म्युनिकला तिच्यावर खटला सुरू झाला. म्हणजे गुन्हा कळला होता, एक आरोपी हाती होती, पण बळी गेलेली मुलगी कोण, तिची आई जिवंत आहे का, हे आरोपपत्राच्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. याझिदींसाठी काम करणाऱ्या याझ्दा या संस्थेकडे वाचलेल्या स्त्रियांचे जबाब नोंदलेले होते. त्यातून आई सापडली. मला या प्रकरणातला हा धागा सगळ्यात मोलाचा वाटतो. पोलिसांत तक्रार, पंचनामा, वैद्यकीय अहवाल असं काहीही तिच्याकडे नव्हतं. एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वेळीच तिचं म्हणणं उतरवून ठेवलं, एवढंच. यंत्रणा तिला शोधत तिच्यापर्यंत गेली.

ताहाला मे 2019 मध्ये ग्रीसमध्ये पकडलं, ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या हवाली केलं आणि 24 एप्रिल 2020 रोजी फ्रँकफर्टला त्याचा खटला उभा राहिला.

जर्मनीचा काय संबंध?

आरोपी इराकी, आई आणि मुलगी इराकी, गुन्हा इराकमध्ये, अटक ग्रीसमध्ये. तरी खटला जर्मनीत चालला, कारण 2002 पासून तिथे आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा आहे आणि तो म्हणतो की वंशसंहाराचा खटला चालवायला गुन्ह्याचा जर्मनीशी संबंध असण्याची गरज नाही. सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणतात ते हे. दुसरा रस्ताही फारसा नव्हता. इराक आणि सीरिया आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्य नाहीत. इराकच्या स्वतःच्या कायद्यात वंशसंहार हा गुन्हाच नाही. आयसिसच्या लोकांवर 2005 च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटले चालतात, संघटनेत होता एवढं सिद्ध झालं की शिक्षा, बहुतेकदा फाशी. पीडितेला साक्षीला बोलावण्याची गरज पडत नाही. 2020 मध्ये बगदादच्या न्यायालयात एका याझिदी तरुणीने आपल्यावर अत्याचार करणाऱ्यासमोर उभं राहून साक्ष दिली, त्याची बातमी झाली ती अपवाद म्हणून. ज्याला फासावर चढवलं तो अमुक बाईला पळवून नेल्याबद्दल चढला की नुसता आयसिसवाला म्हणून, हे त्या बाईला कधी कळतच नाही.

इथे आपल्याकडचं एक सांगून टाकतो. भारताने वंशसंहारविरोधी करारावर 1959 मध्ये शिक्कामोर्तब केलं, पण देशांतर्गत कायदा आजतागायत केला नाही. 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये ही उणीव निकालपत्रात नोंदवली. त्यानंतर भारतीय न्याय संहिता आली, तरी ते कलम आलं नाही. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला जाऊन आयसिसला मिळाल्याचं प्रकरण महाराष्ट्राला आठवत असेल. त्यात याझिदींचा संबंध नव्हता. पण समजा असता, तरी राष्ट्रीय तपास यंत्रणेला दहशतवादाचीच कलमं लावावी लागली असती, म्हणजे बगदादला होतं तेच इथे झालं असतं.

एका मुलीचा मृत्यू आणि वंशसंहार

बचाव पक्षाचा रास्त वाटावा असा प्रश्न होता: एका माणसाने एका मुलीला क्रूरपणे मारलं, हा खून असेल, वंशसंहार कसा? जर्मन कायद्याची शब्दरचना इथे कामी आली. गटाच्या ‘एका सदस्याला’ मारणं किंवा त्याला गंभीर शारीरिक-मानसिक इजा करणंही पुरतं. अट एवढीच की तो गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हवा. मेलेल्यांची संख्या नव्हे, मारणाऱ्याचा हेतू सिद्ध करायचा.

आणि हेतू कुणी लिहून ठेवत नाही. आयसिसने मात्र ठेवला होता. त्यांचं मासिक, त्यांचे गुलामीचे नियम, सिंजारच्या मोहिमेची आखणी, हे सगळं तज्ज्ञ साक्षीदारांमार्फत न्यायालयासमोर आलं. मग प्रश्न उरला की ताहाचा स्वतःचा हेतूही तोच होता का. त्यासाठी घरातला रोजचा छळ पाहिला गेला. मुलीचं नाव बदललं, आईवर नमाजाची सक्ती केली, याझिदी म्हणून दोघींना हिणवलं, मालमत्ता म्हणून राबवलं. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की त्याने या दोघींना विकत घेतलं तेच याझिदी धर्म आणि समाज पुसून टाकण्याच्या धोरणाचा भाग म्हणून. कार्ल्सरुहच्या संघीय न्यायालयाने, म्हणजे तिथल्या अपिलाच्या न्यायालयाने, पुढे ताहाची शिक्षा कायम केली.

साक्ष

आईने आधी म्युनिकला साक्ष दिली, मग फ्रँकफर्टला. म्हणजे लेकीचा मृत्यू तिने दोन न्यायालयांत, अनेक दिवस, पुन्हा पुन्हा सांगितला. तिची कुरमांजी दुभाष्यामार्फत जर्मनमध्ये जायची आणि प्रश्न त्याच वाटेने परत यायचे. तारखा, अंतरं, घटनांचा क्रम सांगताना ती अडखळली. बचाव पक्षाने विसंगतींवर बोट ठेवलं, तो त्यांचा हक्कच. मुलीचा मृतदेह नव्हता, मृत्यूचा दाखला नव्हता. तरीही मूळ हकिगतीबद्दल न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला आणि तो नुसत्या सहानुभूतीने नाही. गाडीतलं ध्वनिमुद्रण आणि तिचं सांगणं एकमेकांशी जुळत होतं, आणि आई व जेनिफर यांची भेट मधल्या काळात कधी झालेली नव्हती.

जर्मन पद्धतीत पीडित व्यक्ती सहफिर्यादी म्हणून खटल्यात बसू शकते. तिचा वकील साक्षीदारांना प्रश्न विचारतो, अर्ज करतो, शेवटी स्वतंत्र युक्तिवाद करतो. आपल्याकडे पीडितेच्या वकिलाला बहुतांशी सरकारी वकिलाच्या आडूनच बोलावं लागतं. या आईच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये नताली फॉन व्हिस्टिंगहाउझेन आणि अमल क्लूनी ही नावं होती. क्लूनींमुळे प्रसिद्धी मिळाली, पण रोजच्या तारखांना हजर राहण्याचं काम जर्मन वकिलांनी केलं.

जेनिफरला ऑक्टोबर 2021 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. संघीय न्यायालयाने ती शिक्षा फेरविचारासाठी परत पाठवली आणि ऑगस्ट 2023 मध्ये म्युनिकला 14 वर्षांची ठोठावली गेली. तिने साखळी बांधली नव्हती. ती बघत उभी राहिली. उभं राहण्याची शिक्षा किती वर्षं, यावर दोन न्यायालयांचं एकमत व्हायला जवळपास दोन वर्षं गेली.

50,000 युरो

फ्रँकफर्टच्या निकालात आईला 50,000 युरो भरपाई द्यावी असा आदेश आहे. द्यायची ताहाने. जन्मठेप भोगणाऱ्या, मालमत्ता नसलेल्या कैद्याकडून ही रक्कम कशी वसूल व्हायची, हे वाचकाने स्वतःच ताडावं. तत्त्व म्हणून आदेशाला वजन आहे: वंशसंहाराची भरपाई गुन्हेगाराच्या खिशातून, नावानिशी. पण उरलेल्या आयुष्याची तजवीज त्यातून होत नाही. औषधं, झोपेच्या गोळ्या, राहायला जागा, काम, बेपत्ता नातलगांचा शोध, परत जायचं की नाही हा प्रश्न, यातल्या एकाचंही उत्तर फौजदारी न्यायालय देत नाही आणि त्याने द्यावं अशी अपेक्षाही चूक. ते काम सरकारचं.

जर्मनीत तेही काही प्रमाणात झालं होतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याने 2015 पासून खास योजना आखून सुमारे 1,100 स्त्रिया आणि मुलं इराकमधल्या विस्थापितांच्या छावण्यांतून आणली. पुढे नोबेल मिळवणारी नादिया मुराद याच योजनेतून आली. मानसोपचारतज्ज्ञ यान इल्हान किझिल्हान यांनी छावण्यांत जाऊन प्रत्येकीशी बोलून निवड केली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने इराकी कुर्दिस्तानमधल्या दुहोक विद्यापीठात मानसोपचाराची संस्था उभी राहिली, कारण एका जर्मन राज्यात हजार बायका आणल्या तरी बाकीच्या छावण्यांतच राहणार होत्या आणि त्यांच्या भाषेत उपचार करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

मोसुलचा अर्ज

इराकने 1 मार्च 2021 रोजी वाचलेल्या याझिदी स्त्रियांसाठी कायदा केला. कागदावर हा कायदा चांगला आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. या गुन्ह्यांना तो वंशसंहार म्हणतो. याझिदींबरोबर तुर्कमेन, ख्रिश्चन आणि शबक स्त्रियाही त्यात येतात. लहानपणी पळवलेली याझिदी मुलं आणि सामूहिक हत्याकांडातून वाचलेले पुरुषही. दरमहा वेतन, भूखंड किंवा घर, सोडलेलं शिक्षण पुन्हा सुरू करण्याची सोय, सरकारी नोकऱ्यांत 2 टक्के राखीव जागा, उपचार. 3 ऑगस्ट हा स्मरणदिन. युद्धातल्या लैंगिक अत्याचारासाठी सरकारने स्वतःहून आयुष्यभराची बांधिलकी पत्करल्याची उदाहरणं जगात थोडी आहेत.

अंमलबजावणी रखडली. कायदा मार्चमध्ये, नियम सप्टेंबरमध्ये, अर्ज स्वीकारायला सुरुवात सप्टेंबर 2022 मध्ये, पहिले पैसे 2023 मध्ये. रक्कम महिन्याला सुमारे 8 लाख इराकी दिनार. छावणीत राहणाऱ्या कुटुंबाला हा मोठाच आधार. ज्यांना मिळाले त्यांनी त्यातून घरभाडं भरलं, मुलांना शाळेत घातलं. हे यश नाकारण्यात अर्थ नाही.

अडलं ते पुराव्यापाशी. कायद्याने कागदपत्रांबाबत बरीच लवचीकता ठेवली होती. पण अर्ज तपासणाऱ्या समितीने 2023 मध्ये नवी अट काढली: न्यायालयात फौजदारी तक्रार दाखल करा, तपासाचे कागद जोडा, मग बघू. ह्यूमन राइट्स वॉचने त्या एप्रिलमध्येच यावर आक्षेप घेतला. समितीचं म्हणणं असं की खोटे अर्ज येतात. येत असतीलही. पैसा आला की तोतयेही येतात, हे कुठल्याही योजनेत चुकत नाही. पण तोतया ओळखायचा भार खऱ्या बाईच्या डोक्यावर टाकायचा का?

दुहोकजवळच्या छावणीतल्या बाईसाठी या अटीचा अर्थ काय होतो बघा. चौक्या ओलांडून न्यायालय गाठायचं. भाडं पदरचं. तिथे अरबी बोलणाऱ्या, अनोळखी, बहुधा पुरुष अधिकाऱ्याला काय झालं ते सांगायचं. ते कागद घेऊन अर्ज जोडायचा. योजनेचं मुख्य कार्यालय मोसुलमध्ये, आणि मोसुल हे तेच शहर जिथे सिंजारहून आणलेल्या बायकांना सभागृहात डांबून वाटून दिलं गेलं. परदेशात गेलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी: पळताना ओळखपत्रं गेली, नवी काढायला पुन्हा इराकी कचेऱ्यांतच खेटे.

फ्रँकफर्टच्या आईशी ही तुलना मला टाळता येत नाही. तिथे तिने फक्त हकिगत सांगितली आणि सरकारी पक्षाने ती तपासून, जोडून, सिद्ध करून घेतली. तीच बाई मोसुलला अर्ज घेऊन गेली असती तर तिला आधी पुरावा आणायला सांगितलं असतं. वास्तविक फौजदारी खटल्यात पुराव्याची पातळी सर्वांत कडक असायला हवी, कारण तिथे एका माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागतं. वेतनाच्या अर्जात कुणालाही तुरुंगात जायचं नसतं. इथे नेमकं उलटं झालं.

आणि पुरावा इराकजवळ नाही असंही नव्हतं. अपहृतांची सुटका करणाऱ्या कुर्दिस्तानच्या कार्यालयाकडे नावनिशीवार नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या युनिटॅड या तपासपथकाने 2017 च्या ठरावानंतर कित्येक वर्षं जबाब आणि कागद गोळा केले. इराक सरकारच्या इच्छेवरून त्या पथकाचं काम सप्टेंबर 2024 मध्ये गुंडाळलं गेलं. या नोंदी अर्जाला पुरेशा आहेत, एवढा एक आदेश निघाला असता तर कित्येक बायकांचा न्यायालयाचा फेरा वाचला असता.

जे कायद्याच्या हातात नाही

पूर्वी याझिदी धर्माबाहेर गेलेल्याला, मग तो सक्तीने का असेना, परत येता येत नसे. धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी पळवून नेलेल्या मुलींना समाजाने सन्मानाने घरात घ्यावं असं जाहीर केलं आणि लालिशच्या पांढऱ्या झऱ्याच्या पाण्याने त्यांना पुन्हा धर्मात घेण्याची वाट मोकळी केली. कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा या एका निर्णयाने जास्त बायका आपल्या घरी परतल्या असं म्हटलं तर ते वावगं ठरू नये. 2020 मध्ये ते गेले.

मुलांचा प्रश्न मात्र तिथेच अडकला. अत्याचारातून झालेल्या मुलांना स्वीकारण्याबाबत याझिदी धर्मपरिषदेने एप्रिल 2019 मध्ये आधी दार उघडल्यासारखं केलं आणि काही दिवसांत खुलासा काढला की ही मुलं त्यात धरलेली नाहीत. दुसरीकडे इराकच्या ओळखपत्र कायद्यानुसार आईबापांपैकी एक मुसलमान असेल तर मूल मुसलमान नोंदलं जातं. म्हणजे आईला मूल ठेवायचं तर समाज सोडावा लागतो, समाज ठेवायचा तर मूल. काही बायका मुलांसाठी सीरियातच थांबल्या, काहींनी मुलं अनाथाश्रमात सोडली आणि घरी परतल्या. 2021 च्या कायद्याने या मुलांबद्दल स्पष्ट तरतूद केलेली नाही.

जर्मनीच्या संसदेने 19 जानेवारी 2023 रोजी याझिदींवरचा वंशसंहार एकमताने मान्य केला. त्याच वर्षी तिथल्या काही राज्यांनी आश्रय नाकारलेल्या याझिदींना इराकला परत धाडायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी आता तिथे धोका उरलेला नाही असं म्हणून. नॉर्ड-ऱ्हाइन वेस्टफालियासारख्या राज्यांनी ते काही काळ थांबवलं, बाकीच्यांनी नाही. परत जाणाऱ्यांपैकी सिंजारला जाऊ पाहणाऱ्याला तिथे पडकी घरं, एकमेकांवर डोळा ठेवून असलेले सशस्त्र गट आणि सिंजारची सुरक्षा आणि कारभार लावून देणारा ऑक्टोबर 2020 चा सिंजार करार सापडतो, जो बगदादने आणि एर्बिलच्या कुर्दी सरकारने सही करून ठेवून दिला. जाता येत नाही म्हणून छावणीत राहावं, तर इराक सरकारने छावण्या बंद करण्याची मुदत 30 जुलै 2024 लावली होती. ती टळली, कारण लोकांना न्यायचं कुठे हे कुणी ठरवलेलं नव्हतं.